कहरमान कुणाच्या गच्चीवर उतरला?

१. भिंतीवरचा निकाल

हाजी मितवल्लींची अब्रू गेली ती मंगळवारी, ऐन चहाच्या वेळी, अम्म जनातीच्या, म्हणजे जनातीकाकाच्या, कॉफीहाऊसमध्ये. त्या वेळी तिथे अर्धी बहरी वस्ती बसलेली असते. आणि अब्रू घालवली कुणी, तर एका प्रोग्रामने.

खरं तर तो आनंदाचा दिवस होता. अलेक्झांड्रियाच्या या बहरी भागात कबुतरबाजांची जुनी संघटना आहे. कुणाच्या थव्याने कुणाचं कबुतर भुलवून आपल्या गच्चीवर उतरवलं, याची नोंद संघटना वर्षानुवर्षं आपल्या वेबसाइटवर ठेवत आली. गेल्या वर्षी ती साइट बंद पडली आणि पानं तेवढी एका डिस्कवर उरली. त्या पानांतून नवी साइट उभी करायचं काम माहिताब आणि वगदी या दोघांकडे आलं. वगदीने पार्सर लिहिला, म्हणजे जुन्या पानांच्या कोडमधून हवी ती नावं वेचून काढणारा प्रोग्राम. माहिताबकडे तो तपासायचं काम. तिचा स्वभावच तसा होता. भाजीवाल्याने माप नीट दिलं तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची. पण वगदीने नमुन्यादाखल काढून दिलेल्या पानांवर सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या होत्या, एकही लाल नाही. तेव्हा तीही निर्धास्त होती.

वगदीने आपला लॅपटॉप कॉफीहाऊसच्या भिंतीवरच्या टीव्हीला जोडला.

"कुणाचं कबुतर शोधू?" त्याने विचारलं.

"कहरमान!" पाचसहा जण एकदम ओरडले. ओरडणारच. हाजी मितवल्लींनी शहाता सुताराचा कहरमान कसा उतरवला, ही गोष्ट हाजी दर आठवड्याला सांगत आणि लोक दर आठवड्याला ऐकत.

वगदीने नाव टाकलं. पडद्यावर तीन ओळी उमटल्या.

कबुतर: कहरमान. पकडणारा: शहाता. गमावणारा: मितवल्ली.

हुक्क्यांची गुडगुड थांबली. सगळ्यात आधी उठला तो शहाता. होड्या बांधणारा धिप्पाड गडी, पण उठला तो नवरदेवासारखा मिशीवर हात फिरवत.

"वाचा, मोठ्याने वाचा! इतकी वर्षं हा माणूस माझ्या नावाचा चहा पितोय!"

"खोटं आहे हे," हाजी म्हणाले. आवाज मात्र बसला होता. "कहरमान माझ्या गच्चीवर उतरला. ते पान माझ्या शेरवेतनेच केलं होतं. विचारा तिला."

शेरवेत दारातच उभी होती. हाजींची मुलगी, दातांची डॉक्टर, खांद्याला नेहमीची जांभळी पर्स. वडिलांना घरी न्यायला आली होती.

"मी?" ती गोंधळली. "बाबा, मी कधी कबुतरांची पानं केली?"

"सगळी पानं या हातांनी केलीत," संघटनेचे चिटणीस उस्ताज रुश्दी छाती पुढे काढून म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

शेरवेत वडिलांजवळ गेली. तिचा आवाज अगदी मऊ होता आणि त्यामुळेच जास्त लागला. "बाबा, मागच्या आठवड्यात घराच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडल्या. तुम्हीच ठेवल्या होत्या."

हाजी खुर्चीचा हात धरून उठले.

"मग असेल तसंच," ते म्हणाले. "शुक्रवारी नमाजनंतर कबुतरं विकतो. ज्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा नाही, त्याने पाखरांचे जीव कशाला सांभाळायचे?"

२. गच्चीवर

माहिताब हाजींच्या ढाबळीखालच्याच मजल्यावर लहानाची मोठी झाली होती. पंखांची फडफड ऐकूनच तिला शाळेची वेळ कळायची. त्यामुळे बुधवारी सकाळी ती गच्चीवर गेली तेव्हा तिथली शांतता तिला सोसवेना. लाकडी मनोऱ्यातली कबुतरं आतच होती. हाजींनी ती उडवलीच नव्हती.

"अम्मू हाजी, चहा मिळेल का?"

"मिळेल. साखर कुठेय ते मात्र विचारू नकोस. किल्ल्यांबरोबर असेल."

स्वतःवर विनोद करता येतोय, म्हणजे माणूस अजून शाबूत आहे, असं माहिताबला वाटलं आणि तिला जरा बरं वाटलं.

"मला त्या दिवसाचं सगळं सांगा."

हाजी सांगू लागले आणि सांगताना त्यांचे हातही जागे झाले. कहरमान तांबूस रंगाचा, गळ्याला मधासारखी चमक. समुद्राकडून वारा सुटलेला. शहाताचा थवा वर, यांचा खाली. हाजींनी निशाण फिरवलं, थवा उसळला, दोन्ही थवे मिसळले आणि वेगळे झाले तेव्हा कहरमान यांच्या थव्यात होता. बायकोने, गलीलाने, दाणे उधळले. कहरमान उतरला.

"मग तो तुमच्याकडेच असायला हवा होता. त्याची पिल्लं, पिल्लांची पिल्लं…"

"कशी असतील? त्याच दिवशी शहाताला मुलगा झाला. आपल्या गल्लीचा रिवाज तुला ठाऊक आहे. ज्याच्या घरी पाळणा हलला, त्याचं पाखरू ठेवून घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मीच नेऊन दिला. वर मिठाई."

म्हणजे पुरावाच परत गेला होता. गलीला वारली होती. उरले दोघे, एक पकडणारा आणि एक गमावणारा. कोण कुठला, हे फक्त ते पान सांगणार होतं.

"माही," हाजी हळूच म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारतो. मी हे सगळं स्वप्नात पाहिलं असेल का गं? शेरवेत म्हणते तिच्याकडे राहायला या, लिफ्ट आहे, बाल्कनी आहे. चांगली पोर आहे. पण ती माझ्याकडे बघते ना हल्ली, तसं मी म्हाताऱ्या कबुतराकडे बघतो."

लहानपणी याच माणसाने माहिताबच्या हातावर पहिलं पिल्लू ठेवलं होतं.

"अम्मू, शुक्रवारपर्यंत एकही पिंजरा भरायचा नाही. वचन द्या."

"शुक्रवारपर्यंत काय होणार आहे?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं.

३. ज्यांना ज्यांना फायदा

संशय घ्यायचाच तर माणसं काही कमी नव्हती, आणि संशय घेणं हे तर माहिताबचं रोजचंच काम.

पहिला शहाता, गल्लीचा 'उस्ता' म्हणजे मिस्त्री. तो आपल्या कारखान्यात अर्ध्या होडीच्या पोटात बसून रंधा मारत होता आणि शीळ घालत होता.

"उस्ता, कहरमान खरंच तुम्ही पकडलात?"

"पडद्यावर काय आलं?"

"मी तुम्हाला विचारतेय."

"आणि मी पडद्याला विचारतोय. तू आणि माझा भाचा, दोघं शिकलेली, कॉम्प्युटरवाली. तुमच्यापुढे माझ्यासारख्या सुताराचं काय चालणार?" तो हसला आणि जरा जास्तच वेळ हसत राहिला. पण ज्याचं स्वतःचं कबुतर होतं, तो ते 'पकडणार' कसा, असं माहिताबने विचारताच तो अडला. "तेव्हा… तेव्हा कहरमान त्याचा असेल. मग मी पकडला. जा बाई, भुसा उडतोय."

भाचा म्हणजे वगदी. शहाता त्याचा सख्खा मामा. नेमका हाच प्रश्न काल संध्याकाळपासून सगळी बहरी विचारत होती: मामाचं नाव वर यावं म्हणून भाच्याने प्रोग्रामला बोट लावलं का?

दुसरे उस्ताज रुश्दी. डिस्क त्यांच्याच कपाटात असायची. घरात शिरताच माहिताबला कळलं की हा माणूस जाता-येता दिव्याची बटणंसुद्धा ठरलेल्या क्रमानेच लावणारा आहे.

"पानांत कुणी फेरफार केले असतील?"

"माझ्या कपाटाला कुलूप असतं. आणि पानं मी केलीत, मी! प्रत्येक पानाची पहिली ओळ एकच. पानाची दिशा उजवीकडून डावीकडे, आपल्या अरबी लिपीसारखी. ती ओळ लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. शिस्त असते एकेकाला."

"मग कहरमानच्या पानावर नेमकं काय लिहिलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल."

उस्ताज खोकले. "इतकी पानं… एकेक कसं आठवेल?"

तिसरी शेरवेत. वडिलांनी गच्ची सोडावी अशी खटपट तीच करत होती. माहिताबने फोन लावला तेव्हा मागे दातांचं यंत्र घरघरत होतं.

"शेरवेतताई, हे पान तुम्ही केलं असं हाजी म्हणतात."

"अगं, मी तेव्हा शाळेत होते. कॉम्प्युटरच्या वर्गातून हलायचे नाही हे खरं. मैत्रिणींसाठी, गायकांसाठी कायकाय केलं असेल. पण कबुतरं? बाबांचं चुकतंय." यंत्र थांबलं. "माही, मी वाईट नाही गं. ते जिना चढताना धापा टाकतात. मला रात्री झोप लागत नाही."

त्या आवाजात कपट नव्हतं. माहिताबला ते कळलं आणि तिची अडचण आणखीच वाढली.

चौथा अम्म जनाती. त्याच्यावर संशय असा नव्हता, पण कॉफीहाऊसवाल्याला विचारल्याशिवाय बहरीत कुठलाही तपास पुरा होत नाही.

"मी कशाला लफड्यात पडू? मी आयुष्यात एक कबुतर पाळलं नाही," तो कप पुसत म्हणाला. "विष्ठा कोण काढणार? माझी छाती एकदाच फुगली. एक पांढरी मादी, लूला नावाची, वाट चुकून आत आली आणि थेट साखरेच्या बरणीवर बसली. मी टोपी टाकली. झाली पकड! त्या वर्षीच्या यादीत आपलंही नाव आहे, बरं का. कहरमानच्याच पानावर."

माहिताब हसली, चहाचे पैसे ठेवले आणि निघाली. तिने ऐकलं सगळं, पण नेमकं काय ऐकलं ते तिला अजून उमगलं नव्हतं.

४. पान एक, उत्तरं दोन

गुरुवारी दुपारी ती ऑफिसात आली तेव्हा वगदी समोर कलेजीची सँडविचं ठेवून बसला होता आणि खात नव्हता. वगदी खात नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

"तूही मला चोर समजतेस ना?"

"समजू की नको ते आता ठरवू. डिस्कवरचं मूळ पान उघड."

पान उघडलं. जांभळ्या रंगाची पार्श्वभूमी, मध्ये तीन रकान्यांचा तक्ता. रकान्यांना मथळे नव्हते. त्यांच्या जागी रिकाम्या चौकोनी खुणा होत्या. त्या काळात मथळे नक्षीदार अक्षरांत काढून चित्रं म्हणून डकवायची पद्धत होती आणि ती चित्रं डिस्कवर आलीच नव्हती. पण वाचता येत होतं. उजवीकडे मितवल्ली, मध्ये कहरमान, डावीकडे शहाता.

वाचायला सुरुवात उजवीकडून. संघटनेच्या सगळ्या पानांवर पहिला पकडणारा, शेवटचा गमावणारा. पान सरळ हाजींच्या बाजूने बोलत होतं.

"आता पार्सर चालव. माझ्यासमोर."

वगदीने चालवला. पकडणारा शहाता. गमावणारा मितवल्ली.

पान एक सांगतं आणि प्रोग्राम दुसरं. मध्ये होता फक्त वगदी. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अल्लाची शपथ, मी काही केलं नाही! वाच कोड. मथळे चित्रांचे आहेत, प्रोग्रामला चित्र कसं वाचता येणार? म्हणून मी क्रमाने घेतो. कोडमध्ये पहिलं नाव येईल तो पकडणारा, शेवटचं येईल तो गमावणारा. मामाचं नाव कुठे आहे यात? कुणाचंच नाही!"

माहिताबने कोड ओळीओळीने वाचला. खरंच, त्यात लबाडीला जागाच नव्हती. कुणाचंही नाव नाही, कुठलीही पळवाट नाही.

"ज्या पानांवर आपण चाचणी घेतली, ती कुठली होती?"

"नंतरच्या वर्षांची. ती नीटनेटकी होती म्हणून निवडली."

"म्हणजे जे विद्यार्थी पास होणार हे ठाऊक होतं, त्यांचीच परीक्षा घेतली आपण." तिने कपाळावर हात मारून घेतला. "याच पानावरच्या बाकीच्या ओळी दाखव. पार्सरने काढलेल्या."

वगदी वाचू लागला. कुणी कुणाचं काय पकडलं. पाचवी-सहावी ओळ वाचून तो पुढे गेला.

"थांब," माहिताब म्हणाली. "ती परत वाच."

"कबुतर: लूला. पकडणारा: हसनेन. गमावणारा: जनाती."

माहिताब इतक्या जोरात हसली की शेजारच्या शिंप्याने डोकावून पाहिलं. मग तिने वगदीच्या ताटातलं एक सँडविच उचललं आणि मोठा घास घेतला.

"जेव, वगदी. तू चोर नाहीस. आता त्या पानाचा कोड उघड. मला फक्त त्याची पहिली ओळ बघायची आहे."

पहिली ओळ पाहिली. मग ती मनातल्या मनात म्हणाली, मला वाटलंच होतं. आणि मग तिला वाईट वाटलं, कारण आता हे उद्या एका भल्या मुलीला सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं.

५. शुक्रवार, नमाजनंतर

कबुतरं विकत घेणारा आला होता. कॉफीहाऊसबाहेर त्याची गाडी आणि गाडीवर रिकामे पिंजरे. हाजी आपला शुक्रवारचा स्वच्छ झब्बा घालून बसले होते, जणू पाहुणेच. शेजारी शेरवेत पर्स उपसून काहीतरी शोधत होती. शहाता होता, उस्ताज रुश्दी होते, आणि खुर्च्या संपल्या म्हणून उरलेली बहरी उभी होती.

"पिंजरेवाले दादा, चहा घ्या. जरा वेळ लागेल," माहिताब म्हणाली आणि पुढे गेली. वगदीने लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"पहिला प्रश्न. अम्म जनाती, तुम्ही आजवर किती कबुतरं पाळलीत?"

"एक नाही. विष्ठा कोण…"

"कळलं. पण नवी साइट म्हणते की तुमचं लूला नावाचं कबुतर हसनेनने पकडलं."

"काय?" जनातीचा आवाज चिरकला. "माझी एकुलती एक पकड! साखरेच्या बरणीवर! टोपीने!"

हशा पिकला. माहिताबने तो ओसरू दिला.

"ज्याच्याकडे कबुतरच नव्हतं, तो ते गमावणार कसा? म्हणजे ती ओळ उलटी आहे. ओळ उलटी आहे तर बाकीच्यांचं काय? मी काल त्या पानावरची नावं घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक ओळ उलटी आहे, अगदी प्रत्येक. आता सांगा, हाजींचं नाव कुणाला बुडवायचं असतं, तर त्याने एक ओळ फिरवली असती. पूर्ण पान कशाला फिरवेल? तेव्हा हे कुणाचं वैर नाही. वगदीचं नाही, उस्ता शहाताचंही नाही."

वगदीची आई मागून रडू लागली आणि दोघीतिघी तिला गप्प करू लागल्या.

"मग केलं कुणी?" पिंजरेवाल्याने विचारलं. त्याचा चहा तसाच राहिला होता.

"प्रोग्राम पान डोळ्यांनी बघत नाही. तो पानामागचा कोड वाचतो, त्यात नावं ज्या क्रमाने लिहिलीत त्या क्रमाने. उस्ताज रुश्दींच्या प्रत्येक पानाची पहिली ओळ सांगते, दिशा उजवीकडून डावीकडे. तिथे पहिलं लिहिलेलं नाव उजवीकडे दिसतं. सगळं सरळ. पण कहरमानच्या पानात ती ओळच नाही. ती नसली की कॉम्प्युटर परदेशी रीतीने डावीकडून मांडत जातो. तसं पान करणाऱ्याला तक्ता उलटा दिसला असेल. मग त्याने काय केलं असेल? प्रत्येक ओळीतली नावं हाताने फिरवून लिहिली. गमावणारा आधी, पकडणारा शेवटी. पडद्यावर सगळं आपल्याला हवं तसं दिसलं. कोडमध्ये मात्र सगळं उलटं राहिलं आणि इतक्या वर्षांनी आमच्या प्रोग्रामने ते इमानेइतबारे वाचलं. डोळ्यांना खरं, प्रोग्रामला खोटं."

"हे माझं काम नव्हे!" उस्ताज रुश्दी ताडकन म्हणाले. "माझ्या पानात दिशा नाही? अशक्य!" आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"अगदी बरोबर, उस्ताज. तुमची शिस्तच साक्ष देते. ते पान तुम्ही केलेलं नाही. वगदी, दाखव."

भिंतीवर ते जुनं पान उमटलं. जांभळं.

शेरवेतचे हात पर्समध्येच थांबले. तिने पडद्याकडे पाहिलं, मांडीवरच्या जांभळ्या पर्सकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"या अल्ला," ती पुटपुटली. "शाळेत मॅडम फ्रेंच पुस्तकातून शिकवायच्या, सगळं डावीकडून. घरी केलं तर तक्ता आरशात बघितल्यासारखा. मी रडकुंडीला आले होते. बाबा शेजारी बसून मला कलिंगडाच्या बिया सोलून देत होते आणि म्हणत होते, घाई नाही, एकेक नाव फिरव. दुपारभर आम्ही…" तिचा आवाज फुटला. "बाबा! ते मी केलं होतं. तुम्ही सांगितलं होतं. तुम्हाला आठवत होतं. मीच विसरले!"

हाजींनी मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. डोळे पाणावले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

"प्रोग्राम सुधारलाय," वगदी घाईने म्हणाला, कारण त्याचेही डोळे भरून येत होते. "आता तो आधी पानाची दिशा बघतो. दिशा सांगितली नसेल तर दुसऱ्या टोकाकडून मोजतो. आणि हे जांभळं पान आम्ही चाचणीतच घातलंय. जुन्या प्रोग्रामवर लाल झालं, नव्यावर हिरवं. यापुढे कधीही प्रोग्रामला हात लावला तरी आधी याच पानावर परीक्षा होणार."

त्याने बटण दाबलं.

कबुतर: कहरमान. पकडणारा: मितवल्ली. गमावणारा: शहाता.

कॉफीहाऊस दणाणलं. जनातीने ट्रे वाजवला. वगदीने त्याची ओळ दाखवली तेव्हा तर त्याने तो आणखी जोरात वाजवला.

"आणि उस्ता," माहिताब शहाताकडे वळली, "तुम्हाला तर पहिल्यापासून ठाऊक होतं."

शहाताने मान खाली घातली. एवढा मोठा गडी, पण आता त्याला कुठे उभं राहावं ते कळेना.

"होतं," तो म्हणाला. "तीन दिवस मजा घेतली, बस. इतकी वर्षं याच्या तोंडून तीच गोष्ट ऐकतोय, माणसालाही जीव असतो. पण काल संध्याकाळी गच्चीवर गेलो तर आकाश रिकामं. याचा थवाच नाही. मी कुणाविरुद्ध उडवू?" तो हाजींसमोर आला. "माझा पोरगा झाला त्या दिवशी तू पाखरू परत दिलंस, वर मिठाई आणलीस. ते मी विसरलो नाही, मितवल्ली. सकाळीच सांगणार होतो. पण या पोरीने आधी गाठलं."

"गधडा आहेस," हाजी म्हणाले.

"आहे."

"संध्याकाळी थवा उडव. दुसरा कहरमान उतरवतो की नाही बघ."

पिंजरेवाल्याने उरलेला चहा पिऊन टाकला. त्याचा धंदा बुडाला होता, पण जनातीने त्याच्यापुढे बसबूसाचा, म्हणजे रव्याच्या गोड केकचा, मोठा तुकडा ठेवला. तेव्हा तोही टाळ्या वाजवायला लागला. उस्ताज रुश्दी कोपऱ्यात उभे राहून जो भेटेल त्याला सांगत होते की एक पान सोडलं तर बाकीची सगळी त्यांचीच आहेत.

दुपार कलताना, आसरच्या नमाजच्या सुमारास हाजी जिना चढले. मध्ये दोनदा थांबले. दोन्ही वेळा शेरवेत त्यांच्याबरोबर थांबली आणि लिफ्टचा विषय तिने काढला नाही. वर गेल्यावर त्यांनी ढाबळीचं दार उघडलं. पाखरं एकदम बाहेर पडली आणि समुद्राकडे वळली. पलीकडच्या गच्चीवर शहाताचं निशाण हललं. माहिताब कठड्यावर बसली होती. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला कशाचाही संशय येत नव्हता.

"बाबा, मी निघते," थोड्या वेळाने शेरवेत म्हणाली. "दवाखाना आहे." ती पुन्हा पर्स चाचपू लागली. एक कप्पा, दुसरा कप्पा. मग गुडघ्यावर बसून तिने पर्सच उलटी केली.

हाजींनी आकाशावरची नजर काढली नाही. थवा वर चढत होता.

"गाडीची किल्ली माझ्या फ्रीजवर आहे," ते म्हणाले. "सकाळी ताक पिताना ठेवलीस. काळजी नको करूस, पोरी. तुझ्या लक्षात राहत नसेल तर माझ्याकडे राहायला ये."